घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं, तर सरकारी मदत कुठून मिळते?

हॉस्पिटलचा खर्च वेगळा आणि नंतरच्या शुश्रूषेचा खर्च वेगळा. आपल्याकडे सरकारी मदतीचा मोठा वाटा पहिल्या खर्चाला जातो. दुसरा खर्च घरावर पडतो: डायपर, ड्रेसिंग, कॅथेटर, औषधं, ब्युरोच्या मावशींचा पगार. तो महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं चालतो. पुण्या-मुंबईत चोवीस तासांच्या मावशी ठेवायच्या तर महिन्याचा आकडा सहज वीस हजारांच्या पुढे जातो. दोन पगार येणाऱ्या घराचीही यात ओढाताण होते. पेन्शन नसलेल्या घरात तर बहुतेक वेळा सून किंवा मुलगी कामधंदा सोडून घरी बसते, आणि तो खर्च कुठल्याच हिशेबात धरला जात नाही.

जर्मनीने १९९५ साली आणि जपानने २००० साली शुश्रूषेसाठी वेगळा सक्तीचा विमा सुरू केला. तिथे माणूस किती परावलंबी झाला आहे ते तपासून ठरवतात आणि त्या प्रमाणात मदत मिळते. केरळने २००८ साली पॅलिएटिव्ह केअरचं धोरण आणलं. तिथे ग्रामपंचायतींच्या पैशांतून नेमलेल्या नर्स अंथरुणावरच्या माणसांच्या घरी जातात. महाराष्ट्रात असं एकसंध काही नाही. मदत आहे, पण ती आरोग्य खातं, तहसील कचेरी, समाजकल्याण आणि प्रांत ऑफिस अशी विखुरलेली आहे. एका टेबलावरच्या माणसाला शेजारच्या खात्याची योजना ठाऊक असेलच असं नाही. त्यामुळे ही सगळी मदत जुळवून आणण्याचं काम घरच्यांनाच करावं लागतं. त्यातही कोणतं काम आधी करायचं, याला फार महत्त्व आहे.

ज्येष्ठ नागरिक संघात लोकांचे अर्ज भरून देताना मी सगळ्यात आधी एकच विचारतो: दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढलंत का? यावर बहुतेक जण चमकतात. ‘बाबा काही अपंग नाहीत हो, त्यांना पॅरालिसिस झालाय’, असं उत्तर येतं. पण पॅरालिसिसने एक हात आणि एक पाय निकामी झाला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते दिव्यांगत्वच आहे, मग वय ३० असो वा ८०. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार दिलेले आहेत. पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिसही त्यांत आहेत. नजर गेलेली, ऐकू न येणारी म्हातारी माणसं तर आहेतच. प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं की बहुतेक योजनांची दारं उघडतात.

अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर ऑनलाइन करायचा. तिथूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मिळतं. दिव्यांगत्व ४० ते ८० टक्क्यांच्या आत असेल तर पिवळं आणि ८० टक्के किंवा जास्त असेल तर निळं. तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात होते. पॅरालिसिसच्या बाबतीत लगेच पळू नका. झटक्यानंतर साधारण सहा महिने जाऊ देतात, कारण तोवर हातापायांत सुधारणा होत असते. तो काळ कागद जमवण्यात घालवा. डिस्चार्ज कार्ड, सीटी स्कॅन किंवा एमआरआयचा रिपोर्ट, फिजिओथेरपीच्या नोंदी आणि फोटो एका फाइलमध्ये लावून ठेवा. बोर्ड ठरलेल्या वारी बसतं, तेव्हा आदल्या दिवशी फोन करून डॉक्टर येणार आहेत ना, याची खात्री करा. अंथरुणावरच्या माणसाला गाडीतून नेणं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको: चार जणांनी चादरीत धरून जिने उतरवायचं, लघवीची पिशवी सांभाळायची, मान एका बाजूला कलते म्हणून उशी धरून बसायचं. अशा माणसाला रांगेत आणू नका. आधी एकाने आत जाऊन अर्ज दाखवावा आणि डॉक्टरांनी गाडीपाशी येऊन तपासावं, अशी विनंती करावी. डॉक्टर बाहेर येऊन तपासून जाताना मी पाहिले आहेत. न विचारता मात्र कोणी येत नाही.

या प्रमाणपत्राचा पहिला थेट फायदा महिन्याच्या अनुदानात दिसतो. ६५ वर्षांच्या आतल्यांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५च्या पुढच्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. दोन्हींत २०२३पासून दरमहा १,५०० रुपये मिळतात. लाभार्थी दिव्यांग असेल तर २०२५च्या निर्णयाप्रमाणे ही रक्कम २,५०० रुपये आहे. अर्ज तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेत किंवा सेतू केंद्रात द्यायचा. वयाचा पुरावा, रेशनकार्ड, आधार, बँक पासबुक, १५ वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. पैसे आता थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधारशी जोडलेलं असणं अत्यावश्यक. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तो चुकला की अनुदान गुपचूप थांबतं आणि कारण कळायला सहा महिने जातात. गोव्यातल्या वाचकांसाठी यासारखीच दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे. तिथे ज्येष्ठांना दरमहा २,००० रुपये मिळतात.

आता कडू भाग. श्रावणबाळ योजनेसाठी दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव तरी हवं, नाहीतर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यात आज कुठलं कुटुंब चालतं? ही मर्यादा बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे. या मर्यादेमुळे खरोखर गरजू असलेली कितीतरी घरं बाहेर राहतात. संजय गांधी योजनेत दिव्यांगांसाठी ती ५०,००० रुपये आहे, म्हणजे तिथेही प्रमाणपत्र उपयोगी पडतं. उत्पन्नात बसत नसाल तर खोटा दाखला काढायच्या भानगडीत पडू नका. पडताळणीत वसुली लागते. त्याऐवजी ज्या योजनांना उत्पन्नाची अट सैल आहे किंवा अटच नाही, तिकडे वळा.

ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेला आपल्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चावे लागतात. गावात हे पैसे बरेचदा वर्षअखेरीला घाईघाईने वाटले जातात किंवा पडून राहतात. प्रमाणपत्राची प्रत जोडून एक साधा अर्ज ग्रामपंचायतीत देऊन ठेवा. त्यात वॉटरबेड, कमोड खुर्ची, डायपर असं नेमकं काय हवं ते लिहा. ‘मदत मिळावी’ एवढंच लिहिलेल्या अर्जाचं काय करायचं, हे त्यांनाही सुचत नाही.

वस्तूंसाठी आणखी दोन मार्ग आहेत. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ साली सुरू झाली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांच्या आत असलेल्या माणसाला चष्मा, श्रवणयंत्र, वॉकर, व्हीलचेअर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये खात्यात मिळतात. यासाठी समाजकल्याण खात्याच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय गाठायचं. केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७पासून आहे. तीत पैसे न देता ‘अलिम्को’ ही सरकारी कंपनी शिबिरांमध्ये वस्तूच देते. शिबिर कधी आहे याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात करावी लागते, कारण जाहिरात पोहोचेपर्यंत नावनोंदणी संपलेली असते. मोफत मिळालेली व्हीलचेअर घराच्या दारातून आत जाते का, हे आधी मोजून घ्या. जुन्या चाळींतून आणि वाड्यांतून अशा खुर्च्या घडी घालून माळ्यावर टाकलेल्या मी बघतो, तेव्हा फार वाईट वाटतं.

आरोग्य खात्याकडून घरी काय मिळू शकतं, हे फार थोड्यांना माहीत आहे. राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रम २०१० सालापासून देशात सुरू आहे. त्यानुसार उपकेंद्राच्या नर्सने अंथरुणावरच्या वृद्धांना घरी जाऊन बघायचं असतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची ओपीडी आणि जिल्हा रुग्णालयात १० खाटांचा वेगळा वॉर्ड व फिजिओथेरपी अपेक्षित आहे. मुंबईचं जे. जे. रुग्णालय या कार्यक्रमाचं विभागीय केंद्र आहे. प्रत्यक्षात सगळीकडे हे नीट चालतं असं मी म्हणणार नाही. उपकेंद्राच्या नर्सवर लसीकरण, बाळंतपणं आणि सर्वेक्षणं यांचा इतका बोजा असतो की म्हातारी माणसं शेवटी येतात. पण आशाताईच्या यादीत नाव असेल तर फरक पडतो. तिच्याकडे घरोघरच्या आरोग्याची माहिती भरायचा तक्ता असतो. ‘आमच्याकडे अंथरुणावर माणूस आहे’, एवढं तिला सांगून नोंद करून घ्या, आणि मग आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना भेटा.

कॅथेटरचंच उदाहरण घ्या. लघवीची नळी ठरावीक आठवड्यांनी बदलावी लागते. ती तुंबली की पोट फुगतं, ताप चढतो, माणूस तळमळतो, आणि हे हमखास रात्री होतं. मग अँब्युलन्स, खासगी दवाखाना आणि पाच मिनिटांच्या कामाला काही हजारांचं बिल. हेच काम आरोग्य केंद्राची नर्स ठरवून घरी येऊन करू शकते. साहित्य केंद्रात नसेल तर तुम्ही आणून ठेवा. बेडसोरच्या ड्रेसिंगचंही तसंच. तिच्याकडून घरच्या एकाने ड्रेसिंग नीट शिकून घ्यावं. दर दोन तासांनी कूस बदलणं मात्र घरच्यांनाच करावं लागतं. माकडहाडाशी कातडी लाल दिसली, आणि बोटाने दाबल्यावरही तो लालपणा जात नसेल, तर तिथे जखम सुरू झाली आहे असं समजा आणि त्याच दिवशी नर्सला कळवा. कॅन्सर किंवा शेवटच्या टप्प्यातल्या आजारात वेदना आटोक्यात ठेवण्यासाठी जिल्हा रुग्णालयातल्या पॅलिएटिव्ह विभागाची चौकशी करा. तिथे मिळणारं औषध बहुतेक गल्लीतल्या मेडिकलमध्ये मिळत नाही.

७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. ऑक्टोबर २०२४मध्ये ते सुरू झालं. कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचा उपचार त्यातून होतो, आणि नोंदणी आधारवर होते. ते जरूर काढा. पण ते कशासाठी नाही, हेही समजून घ्या. ते भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. डिस्चार्जनंतर जेमतेम १५ दिवसांचा खर्च त्यात बसतो. घरी ठेवलेल्या मावशींचा पगार, रोजची गोळ्या-औषधं किंवा वृद्धाश्रमाची फी त्यातून मिळत नाही. ‘पाच लाखांचं कार्ड आहे ना, मग काय’ असं म्हणून बाकीचे अर्ज टाळणाऱ्या घरांची पुढे फार पंचाईत होते. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा सवलतीत ठेवणं महाराष्ट्रात बंधनकारक आहे. बिलिंगच्या खिडकीवर वाद घालण्याऐवजी तिथल्या समाजसेवा विभागात जा, आणि तेही भरती होतानाच. डिस्चार्जच्या दिवशी गेलात तर उशीर झालेला असतो.

घरी ठेवणं अशक्यच असेल तर? २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार वृद्धांसाठी एक वृद्धाश्रम राज्याने टप्प्याटप्प्याने उभारावा, असं म्हटलं आहे. आपल्याकडे राज्याच्या मदतीने मातोश्री वृद्धाश्रम निघाले. केंद्र सरकारही संस्थांना अनुदान देऊन निराधारांसाठी मोफत वृद्धाश्रम चालवतं. फोन केल्यावर पहिला प्रश्न जागा आहे का, हा विचारू नका. ‘स्वतः उठून संडासला न जाऊ शकणारं माणूस तुम्ही घेता का?’ हे विचारा. अनुदानावर चालणारे बहुतेक वृद्धाश्रम चालतंफिरतं माणूसच घेतात. डिमेन्शिया किंवा सतत शुश्रूषा लागणाऱ्यांसाठी केंद्राच्या योजनेत वेगळ्या, निदान २० जणांच्या घरांची तरतूद आहे, पण अशी घरं थोडी. आपल्या भागात काय आहे हे १४५६७ या एल्डरलाइनवर विचारता येतं. फोन मोफत आहे आणि सकाळी ८ ते रात्री ८ लागतो. कोणी वृद्ध रस्त्यावर सोडलेला दिसला किंवा शेजारी मारहाण होत असेल, तरी हाच नंबर.

२००७च्या याच कायद्याने आणखी एक दार उघडलं आहे. त्याबद्दल बोलायला लोक कचरतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. मुलं सांभाळत नसतील तर आई-वडील, आणि मूल नसेल तर ज्याच्या वाट्याला मिळकत येणार आहे अशा नातेवाइकाविरुद्ध ज्येष्ठ नागरिक, निर्वाहखर्च मागू शकतात. अर्ज प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात करायचा. महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत आदेश होऊ शकतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल लागावा आणि तोवर अंतरिम रक्कम देता यावी, अशी तरतूद आहे. निकालाविरुद्ध ६० दिवसांत जिल्हाधिकारी पातळीवर अपील होतं. वकील लागत नाही. म्हातारं माणूस स्वतः जाऊ शकत नसेल तर दुसरं कोणी किंवा एखादी संस्था त्याच्या वतीने अर्ज करू शकते. बहुतेक आया म्हणतात, ‘नको, मुलाची बदनामी होईल.’ त्यांच्यावर जोर करू नये. पण तीन मुलांपैकी एकट्या मुलीवर किंवा एकाच सुनेवर सगळा भार पडलेला असतो, तेव्हा या अर्जाने बाकीचे दोघं वाटा उचलायला तयार होतात, हेही खरं.

घर किंवा जमीन मुलाच्या नावावर करून देणार असाल, तर बक्षीसपत्रात एक वाक्य घातल्याशिवाय सही करू नका: ‘देणार यांचा निर्वाह, औषधोपचार आणि शुश्रूषा घेणार यांनी देणार यांच्या हयातभर करावी, या अटीवर ही मिळकत देत आहे.’ ही अट मोडली तर त्याच कायद्याच्या कलम २३खाली न्यायाधिकरण ते बक्षीसपत्र रद्द करू शकतं. अट होती हे दिसायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये म्हटलं. हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे वाचावा, असं त्याच न्यायालयाने जानेवारी २०२५मध्ये म्हटलं. न्यायालय उदार असेल, पण तुमच्या दस्तात ते वाक्य असेल तर वाद तिथपर्यंत जाणारच नाही. दुय्यम निबंधकाच्या कचेरीबाहेरचे दस्तलेखक छापील मसुदा पुढे करतात. त्यात हे वाक्य बहुधा नसतं, ते मागून घ्यावं लागतं.

आणि हे सगळं माणसाची बुद्धी शाबूत असतानाच. डिमेन्शिया वाढला किंवा माणूस कोमात गेला की मुखत्यारपत्राचा आधार संपतो, कारण देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारीही संपते. मग स्वतःच्याच आईच्या खात्यातले पैसे तिच्या औषधाला काढण्यासाठी पालकत्व मागायला उच्च न्यायालयात जावं लागतं. म्हणून खातं वेळेत संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना द्या. शुद्धीवर असलेल्या पण सही न करता येणाऱ्या माणसासाठी रिझर्व्ह बँकेचा नियम सोपा आहे. हाताचा अंगठा चालत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात आणि त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असतो. ७० वर्षांवरच्यांना आणि दिव्यांगांना घरपोच बँकसेवा देण्याच्या सूचनाही २०१७पासून आहेत. शाखेत ‘माणसाला घेऊन या’ असं सांगितलं, तर या नियमांचा उल्लेख करून लेखी अर्ज द्या. आधारचा ठसा उमटत नसेल तर डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय मागा. राबलेल्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात, आणि मशीनने नाकारलं म्हणून अनुदान अडतं, असं होता कामा नये.

ज्या घरात वृद्ध आई-वडीलच मतिमंद, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मोठ्या मुलाला सांभाळतात, त्यांच्यासाठी १९९९चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. त्याच ट्रस्टच्या १ लाख रुपयांपर्यंतच्या निरामय विम्यात ओपीडी आणि थेरपीचा खर्चही बसतो. हा पालक आपण असतानाच ठरवून ठेवा.

अर्ज कुठेही द्या, पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक हवा. दाखले आणि अनेक सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५खाली येतात. कोणत्या सेवेला किती दिवस, हे कचेरीत फलकावर लावणं बंधनकारक आहे. मुदत टळली तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करता येतं, पुढे दुसरं, आणि शेवटी सेवा हक्क आयोग आहे. पहिल्या अपिलाचा अर्ज एका पानात होतो. त्यात आवक क्रमांक, तारीख आणि फलकावरची मुदत एवढंच लिहायचं, आणि त्याचीही पोच घ्यायची.